विहिरीजवळच्या दोन ओळी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. शिवाय बाबा, तुम्हाला कागदावरचं दोनदा वाचून मग ठरवायची सवय. संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा व्हायच्या आत पत्र पोहोचावं, एवढीच घाई आहे.

गेल्या रविवारी लिस्बनहून आम्ही आठ जण एका लहान गाडीतून दिवसभर फिरून आलो. तेजो नदीवरचा मोठा पूल ओलांडून पुढे गेलं की आराबिदाचे डोंगर लागतात. उंची फार नाही, चिखलदऱ्याच्या निम्मीही नसेल, पण चुनखडीचा उतार थेट समुद्रात उतरतो. पाणी इतकं नितळ की वरून तळाची वाळू दिसते. डोंगराच्या कुशीत १५४२ साली स्थापन झालेला साधूंचा मठ आहे, पांढऱ्या भिंतींचा. आई, तू अजून समुद्र पाहिला नाहीस. तिथे उभी असताना मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

नंतर आझेताव नावाच्या गावात द्राक्षाची वाइन करणाऱ्या एका जुन्या घराण्याकडे नेलं. जुझे मरिया द फोन्सेका हे त्याचं नाव, सुरुवात १८३४ ची. आपलं घर तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाला जाणारं, म्हणून आधीच सांगते, मी प्यायले नाही. पण पेला नाकाशी नेला आणि थांबलेच. आंबियाच्या फुलोऱ्यात आपल्या बगीच्यात सुटतो तसा वास! द्राक्ष मोस्कातेल जातीचं. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचाच कडक अर्क घालतात, त्याने आंबणं थांबतं आणि गोडी टिकते. सालं महिनोन् महिने त्यातच मुरत ठेवतात, वास त्या सालांचा.

बाबा, आता तुमच्या कामाचं. दीडशेएक वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलेल्या एका किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींच्या मुळ्या खाऊन टाकल्या. औषध चाललं नाही. शेवटी त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचं खुंट घेऊन त्यावर आपल्या जातीची कलमं बांधली, तेव्हा बागा उभ्या राहिल्या. तुम्ही जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरता, तेच हे काम. तिथे ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं आणि लोक कान देऊन ऐकत होते. तुमच्या हातचा डोळा भरताना मात्र आजवर कुणी बाहेरचा माणूस पाहायला आला नाही.

दुपारी फरशा रंगवायच्या कार्यशाळेत गेलो. भाजलेल्या मातीच्या चौकोनावर पांढरा लेप देतात. कागदाला सुईने नक्षीची भोकं पाडून त्यावरून कोळशाची पूड फिरवली की ठिपके उमटतात, मग कुंचल्याने रंग. लेप कोरडा असतो, रंग लगेच शोषला जातो, पुसता येत नाही. मग पुन्हा भट्टी. आम्हाला प्रत्येकाला एक फरशी रंगवू दिली. आई, तेव्हा तुझे सरगुंडे डोळ्यांसमोर आले. काडीवर कणीक गुंडाळताना तुझी बोटं जशी चालतात, ती चार जणांना शिकवायला तू का बसू नयेस?

जेवणात मेंढीच्या दुधाचं चीज होतं. ते दूध एका काटेरी झाडाच्या वाळलेल्या फुलांनी विरजतात. चव जरा उग्र.

मोस्कातेलच्या त्या पट्ट्याला १९०७ साली हद्द आखून नाव मिळालं, आणि त्या नावावर गावात माणसं येतात. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माल झाडावरच बेपाऱ्याला जातो आणि नाव ट्रकबरोबर निघून जातं.

म्हणून माझं मागणं असं. या वेळी सौदा करताना विहिरीजवळच्या झाडांच्या दोन ओळी वगळा. डिसेंबरात मी येते आहे. नागपूरहून सात-आठ जणांची एक गाडी आणू. सकाळी सिंभोऱ्याचं धरण, मग आपला बगीचा, तुम्ही कलम दाखवाल, हाताने संत्रा तोडून खातील. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी, नंतर आईचे सरगुंडे.

पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हे तुम्ही म्हणणारच. बाबा, जेवणाचे घेऊ नका हवं तर. पण चाळीस वर्षं कास्तकारी करून हातात आलेली विद्या तुम्ही त्यांना देणार आहात, तिचे घ्या. शिकवणाऱ्याने मोबदला घेण्यात कमीपणा नाही, असं मला मनापासून वाटतं.

वावरात बायकांसाठी संडासाची सोय लागेल. त्याचे पैसे मी पाठवते, गवंड्याशी बोलून ठेवा. आणि ओळी वगळल्या की नाही, ते आईच्या फोनवरून कळवा.

तुमची,
ताई