हॅलोवीनच्या अंड्यांविषयी मुलीस पत्र

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फिलाडेल्फियातल्या तुझ्या नव्या घरी हॅलोवीनची पार्टी करायचे तू ठरवले आहेस आणि तिच्यासाठी उकडलेल्या अंड्यांचे भीतिदायक दिसणारे पदार्थ करायचे तुझ्या मनात आहे, हे परवा फोनवर ऐकून मला फार आनंद झाला. फोनवर सांगितलेले निम्मे विसरायला होते, म्हणून सगळे नीट लिहून पाठवतो आहे. तुझी निवड मला मनापासून पटली, कारण त्या दिवशी जिकडे पाहावे तिकडे चॉकलेट आणि गोळ्याच असतात, आणि गोड खाऊन कंटाळलेल्या माणसाला संध्याकाळी काहीतरी खारट, आंबट, थोडे तिखट हवेसे वाटते. डेव्हिल्ड एग्ज, म्हणजे उकडलेली अंडी अर्धी कापून, बलकाचे चटकदार सारण करून ते पांढऱ्या भागाच्या वाटीत परत भरलेली अंडी, हा या देशातला घरोघरचा पदार्थ आहे; ईस्टरला, उन्हाळ्यातल्या सहलींना आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी तो मांडला जातो, त्यामुळे तुझ्या अमेरिकन मित्रमैत्रिणींना त्याची चव लहानपणापासून ओळखीची असणार. त्यांच्यापुढे ही अंडी ठेवताना सजावटीच्या आड चवीतली उणीव लपणार नाही. म्हणून माझे मुख्य सांगणे एवढेच आहे की, जे दिसायला भयंकर पण अंड्याबरोबर खायला बेचव, असे काहीही त्यावर ठेवू नकोस. प्लॅस्टिकचे कोळी आणि खोटी बोटे दुकानात ढिगाने मिळतात. ती टेबलावर मांड, ताटात मांडू नकोस.

पार्टीला वीस जण येणार आहेत असे तू म्हणालीस. माणशी दोन अर्धी धरली तर चाळीस लागतील, आणि सोलताना काही अंडी फाटतातच, म्हणून दोन डझन लार्ज अंडी आण. ती मात्र पार्टीच्या आठ-दहा दिवस आधीच आणून फ्रिजमध्ये ठेव. अगदी ताजे अंडे उकडले की त्याचे टरफल सुटता सुटत नाही आणि पांढरा भाग तुकड्यातुकड्यांनी निघून येतो. अंडे काही दिवसांचे झाले की आत विरलेला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू बाहेर पडतो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि आतला पापुद्रा त्याला पूर्वीइतका घट्ट धरून राहत नाही. इथल्या खोक्यांवर बहुधा एक तीन आकडी संख्या छापलेली असते. अंडी वर्षाच्या कितव्या दिवशी भरली ते ती सांगते. १ जानेवारीला ००१ आणि ३१ डिसेंबरला ३६५, या हिशेबाने २८० दिसले तर ती अंडी ७ ऑक्टोबरला भरलेली असतात. दुकानात दोन खोकी समोर असतील तर या वेळेपुरते जुन्या तारखेचे उचल. उकडण्याच्या आदल्या रात्री खोके दोऱ्याने नीट बांधून आडवे करून ठेव, म्हणजे बलक टोकाकडे न सरकता मध्यावर येतो आणि कापल्यावर वाटीच्या सगळ्या कडा सारख्या जाडीच्या मिळतात. कोळी बसवायचा असेल तेव्हा या सारख्या कडांचे महत्त्व तुला कळेल, कारण एका बाजूला पातळ झालेली वाटी सारणाच्या भाराने लगेच फाटते.

आता उकडणे. थंड पाण्यात अंडी घालून दोन्ही एकत्र तापवण्याची आपली जुनी पद्धत या कामासाठी सोड. आधी पाण्याला चांगली उकळी आण, मग फ्रिजमधली अंडी डावाने एकेक करून अलगद आत सोड, आच थोडी कमी कर आणि अकरा ते बारा मिनिटे मंद उकळू दे. एकदम गरम पाणी लागल्याने बाहेरचा पांढरा भाग पापुद्र्याला चिकटण्याआधीच घट्ट होतो आणि सोलणे पुष्कळ सोपे जाते. एका वेळी डझनभरच घे. भांड्यात दाटी झाली की पाण्याची उकळी बसते आणि मिनिटांचा हिशेब चुकतो. वेळ होताच अंडी भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात काढ आणि निदान दहा मिनिटे तशीच राहू दे. ही पायरी कधीही गाळू नकोस. अंडे जास्त शिजले किंवा सावकाश निवत राहिले तर पांढऱ्या भागातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड बलकातल्या लोहाशी संयोग पावून बलकाभोवती हिरवट-करडे कडे तयार करतो. ते कडे अपायकारक नसते, आणि हॅलोवीनला ते शोभेलच असेही कुणी तुला सुचवेल. पण त्याबरोबर येणारा गंधकाचा वास सगळ्या सारणात उतरतो, म्हणून मला ते मान्य नाही. हिरवा रंग हवा असेल तर तो कोथिंबिरीतून आणता येतो.

सोलताना अंड्याच्या जाड टोकाकडून सुरुवात कर, कारण तिथे हवेची पोकळी असते आणि पापुद्रा बोटाच्या पेरात सहज सापडतो. नळाच्या बारीक धारेखाली सोलले तर अडकलेले कपचे निघून जातात. कापण्यासाठी पातळ पात्याची धारदार सुरी घे आणि प्रत्येक अंडे कापल्यावर ती ओल्या फडक्याने पूस. तेवढ्यानेच पांढऱ्यावर बलकाचे डाग राहत नाहीत.

सारणाबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण पाहुणे दुसऱ्यांदा हात पुढे करतील की नाही हे तिथेच ठरते. बारा अंड्यांच्या बलकाला अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १२० मिलिलीटर मेयोनीज, दोन लहान चमचे डिजाँ मोहरी (फ्रेंच पद्धतीची वाटलेली मोहरी), दोन लहान चमचे व्हिनेगर, अर्धा लहान चमचा मीठ आणि थोडी मिरपूड असे प्रमाण ठेव. बलक काट्याने नुसता कुस्करू नकोस. तो बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढ. याला पाच मिनिटे जास्त लागतात, पण सारण चक्क्यासारखे मऊ होते आणि ते पिशवीत घालून वाट्यांत पिळताना तिच्या टोकातून अडखळत येत नाही. मेयोनीज सगळे एकदम ओतू नकोस, कारण सैल झालेल्या सारणावर कोणतीही सजावट टिकत नाही. चव सारण थंड झाल्यावर पुन्हा पाहा. गार पदार्थात मीठ आणि आंबटपणा कमी जाणवतो, त्यामुळे कोमट असताना ठीक वाटलेले सारण टेबलावर फिके लागते. तिखट खाणाऱ्यांसाठी एका भागात हिरव्या मिरचीचा ठेचा घाल. आपल्या घरी सगळ्यांना तेच आवडते, तरी तो भाग वेगळ्या ताटात ठेव.

कोळी हा या सगळ्यांत सर्वांत देखणा आणि खायलाही सर्वांत चांगला, म्हणून निम्मी अंडी तरी कोळ्यांना दे. त्यासाठी डब्यातली बिनबियांची काळी ऑलिव्ह आण. ही कॅलिफोर्निया पद्धतीची ऑलिव्ह झाडावर पिकून काळी झालेली नसतात. ती कच्ची तोडतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मुरवतात, हवा खेळवून काळी करतात आणि रंग टिकावा म्हणून त्यांत फेरस ग्लुकोनेट हा लोहाचा क्षार घालतात. त्यामुळे ती एकसारखी काळीभोर, गुळगुळीत आणि चवीला सौम्य असतात. कलामाता ऑलिव्ह मला एरवी फार आवडतात, परंतु त्यांचा रंग जांभळट आणि खारटपणा इतका तीव्र असतो की मेयोनीजचे सारण त्यांच्यापुढे हरते. ऑलिव्ह निथळून कागदी टॉवेलवर पूर्ण कोरडी कर, नाहीतर त्यांचे काळसर पाणी पिवळ्या सारणावर ओघळते. एक ऑलिव्ह उभे कापून त्याचे एक अर्धे सारणाच्या मध्यावर पालथे ठेवले की कोळ्याचे धड झाले. उरलेल्या अर्ध्याचे आडवे पातळ काप केले की कमानदार पाय मिळतात. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार असे ते सारणात किंचित खोचून बसव. एका अर्ध्यातून आठ पाय निघत नसतील तर दुसरे ऑलिव्ह घे, पण सहांवर भागवू नकोस, कारण सहा पाय कीटकांना असतात. कोळ्याभोवती चिमूटभर कारळ्याची चटणी भुरभुरली तर ती काळ्या मातीसारखी दिसते, आणि तिच्यातला लसूण व तिखटपणा अंड्याशी किती छान जमतो हे तुला मी सांगायला नको. कारळे तिकडे घेणार असशील तर भारतीय किराणा दुकानातूनच घे. इथे पक्ष्यांना घालण्यासाठी जे विकतात ते माणसांनी खाण्यासाठी नसते.

अंड्यावर जाळे उमटवायचे असेल तर चिनी चहाच्या अंड्यांची रीत वापर. उकडलेले अंडे सोलू नकोस. चमच्याच्या पाठीने हलके ठोकून टरफलाला सगळीकडे तडे जाऊ दे आणि मग ते काळा चहा, सोया सॉस, चक्रीफूल व दालचिनी यांच्या गार केलेल्या काढ्यात रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेव. काढा फक्त तड्यांतून आत शिरतो आणि सोलल्यावर पांढऱ्यावर तपकिरी रेषांचे सुंदर जाळे दिसते. चक्रीफूल आणि दालचिनी आपल्या गोड्या मसाल्यातलीच असल्यामुळे हा स्वाद तुला परका वाटणार नाही. निळसर जाळे हवे असेल तर जांभळा कोबी चिरून पाण्यात उकळ आणि ते पाणी घे. कोबीतले रंगद्रव्य आम्लात गुलाबी आणि अल्कधर्मी पदार्थात निळे होते, आणि अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असल्यामुळे तिथे ते निळे उमटते. या पाण्यात व्हिनेगर घालू नकोस, म्हणजे रंग पालटणार नाही.

रक्तासारख्या रंगाची अंडी करायला तर तुझ्याइतक्या योग्य ठिकाणी कोणी राहत नाही. तुझ्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या जर्मन वंशाच्या लोकांमध्ये, ज्यांना पेन्सिल्व्हेनिया डच म्हणतात, सोललेली अंडी बीट, व्हिनेगर, साखर, लवंग आणि दालचिनीच्या पाण्यात मुरवून खाण्याची जुनी चाल आहे, आणि लँकेस्टरकडच्या बाजारांत ती आजही मिळतात. एक दिवस मुरवले तर बाहेरून गर्द गुलाबी आणि आत पांढरे असे कडे मिळते, आणि त्यात पिवळे सारण भरले की दुसऱ्या कोणत्याही सजावटीची गरज उरत नाही. फार दिवस मात्र ठेवू नकोस, व्हिनेगरने पांढरा भाग चिवट होतो.

डोळे आणि भोपळे सोपे आहेत. डोळ्यांसाठी अंडे आडवे काप, बुडाची पातळ चकती काढून ते उभे राहील असे कर, सारणावर लाल मिरची भरलेल्या हिरव्या ऑलिव्हची चकती ठेव आणि टूथपिकने तिखट सॉसच्या बारीक रेषा कडेपर्यंत ओढ. भोपळ्यांसाठी सारणात पॅप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) जास्त घाल, वर सुरीच्या बोथट बाजूने उभ्या खाचा पाड आणि देठ म्हणून पातीच्या कांद्याचा तुकडा खोच. हिरव्या राक्षसासाठी अव्होकाडो घालतात, पण तो कापल्यावर काळवंडतो. कोथिंबिरीची घट्ट चटणी रंगाला आणि चवीला दोन्हीला सरस ठरेल. काळ्या रंगासाठी हल्ली काहीजण पदार्थात ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे खास प्रक्रिया केलेली कोळशाची पूड, मिसळतात. तू ते अजिबात करू नकोस, कारण पोटात गेलेली औषधे तो शोषून घेतो, आणि पाहुण्यांपैकी कोण कोणते औषध घेते हे आपल्याला माहीत नसते.

पाहुण्यांविषयी आणखी एक. तुझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत अंडे न खाणारे आहेत. त्यांच्यासाठी छोटे बटाटे उकडून अर्धे कर, थोडे कोरून त्यात बटाटेवड्याचे सारण भर आणि त्यावरही कोळी बसव, म्हणजे त्यांनाही त्याच मजेत भाग घेता येईल. ताट आणि चमचा वेगळा ठेव, आणि प्रत्येक ताटापुढे आत काय आहे ते लिहिलेली स्पष्ट चिठ्ठी ठेव. अंड्याची ॲलर्जी इथे पुष्कळांना असते, काहींना मोहरीचीही असते, आणि वेषांतर केलेल्या अन्नात नेमके काय आहे हे नुसते बघून कळत नाही.

कामाची वाटणी अशी कर: बिटातली आणि चहातली अंडी गुरुवारी रात्री घाल, बाकीची शुक्रवारी उकडून न सोलता फ्रिजमध्ये ठेव, शनिवारी दुपारी सोल आणि सारण कर, आणि सजावट पाहुणे यायच्या तासभर आधी. भरलेली अंडी फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नकोस, म्हणून सगळी एकदम न मांडता दोन खेपांत काढ आणि ताट बर्फाच्या परातीवर ठेव. अंड्यांसाठी खोलगट खळगे असलेली खास ताटे जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. एखादे मिळाले तर जरूर घे, अंडी घसरत नाहीत. फ्रिजमध्ये राहिलेली उरतील तर दुसऱ्या दिवशी कुस्करून पावाच्या स्लाइसमध्ये भर. जी रात्रभर टेबलावर राहिली असतील ती मात्र हळहळ न करता टाकून दे.

कारळ्याची ताजी चटणी तुझ्या आईने काल कुटली आहे. ती आणि थोडे चक्रीफूल आज टपालाने पाठवतो आहे. पोचल्याचे कळव, आणि ठेचा किती तिखट हवा तेही सांग, म्हणजे तो पुढच्या आठवड्यात येणाऱ्या तुझ्या दादाबरोबर देता येईल.

तुझे,
बाबा