रिक्षावाल्या काकांना थँक्यू

काका, माझ्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर अजून "बाबा फिजिओ रिक्षा" असाच सेव्ह आहे. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही मीटरकडे बघायला लागता म्हणून इथे लिहितेय.

बाबांना स्ट्रोक आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. अफेझिया म्हणतात त्याला, म्हणजे समजतं बरंच पण शब्द सापडत नाही. भेटायला येणारे बाबांशी ओरडून बोलायचे, जसं काही ऐकूच येत नाही, नाहीतर त्यांच्यादेखत मला विचारायचे, "ओळखतात का गं आता?" आणि खरं सांगू, मीपण घाईघाईत त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचे.

तुम्ही नाही केलंत तसं. आठवड्यातून तीनदा नारायण पेठेतून कर्वे रोड, फिजिओथेरपीला. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना उजव्या दंडाला धरून ओढणार तेवढ्यात मी किंचाळले (लुळा खांदा ओढला की निखळू शकतो), त्यानंतर परत कधी सांगावं लागलं नाही. आणि बाबा पुण्याच्या पीएमटी बसवर कंडक्टर होते हे कळल्यावर तर लकडी पुलावर रिक्षा हळू करून, "बोला मास्तर, पुढचा स्टॉप?" आणि मग गप्प. मागून हॉर्न वाजतायत, तुम्ही गप्पच. सहाव्या की सातव्या फेरीला बाबा बोलले. डेक्कन. मग काही दिवसांनी गरवारे, मग नळ स्टॉप.

स्पीच थेरपीच्या मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, आकडे, वार, आरती असं वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं पुष्कळदा आधी सुटतं, आणि त्यांनी बाबांच्या जुन्या रूटचे स्टॉपच प्रॅक्टिसला घेतले.

सगळं परत आलंय असं अजिबात नाही. मूठ उघडत नाही, पाणी हवं असलं की चहा म्हणतात, नातीचं नाव येत नाही मग चिडून रडतात. पण मंगळवारी सकाळी लुळा हात आधी बाहीत घालून शर्ट चढवून, बटणं अर्धी वरखाली, दारात खुर्चीवर तयार बसलेले असतात. व्यायामाची एवढी हौस नाहीये हो त्यांना, तुमची वाट बघतात.

आणि परवा मी पाचशेची नोट दिली, तुम्ही खिसे चाचपताय, तर मागून बाबा एकदम खणखणीत, "सुट्टे द्या!"

त्या दिवशीचे पैसे राहिलेत काका. मंगळवारी सुट्टे आणते.