हाताच्या उपचाराला खेळाचे तास हवेत

महोदय,

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात येऊ लागल्या आहेत. चित्रकला, पोहणे, बुद्धिबळ असे पुष्कळ काही त्यांत आहे. मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलांसाठी मात्र त्यांत काहीही नाही, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी उपचार देणारी व्यक्ती म्हणून या मुलांच्या हातांवर काम करताना मला मनापासून वाटते की सुट्टीतल्या शिबिराची गरज त्यांनाच सर्वाधिक आहे.

यांपैकी अनेक मुलांच्या शरीराची एकच बाजू प्रामुख्याने बाधित असते. दुसरा हात उत्तम चालत असल्याने मूल सगळी कामे त्याच हातावर निभावून नेते. बिस्किटाचा पुडा दातांनी फोडते, डबा मांडीत दाबून त्याचे झाकण उघडते. बाधित हाताला जे जमण्यासारखे असते तेही मग त्याच्या वाट्याला येत नाही आणि न वापरल्यामुळे तो आणखी मागे पडतो. वापराअभावी हात असा कायमचा दुर्लक्षित राहू शकतो, ही गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून पुढे आली आणि चांगल्या हाताला काही तास हातमोज्यात ठेवून दुसऱ्याकडून काम करून घेण्याची पद्धत त्यातूनच विकसित झाली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही हात लागतील अशाच खेळांची शिबिरे घेतली. रोज सहा तास, पंधरा दिवस, म्हणजे एकूण ९० तास. समान तास दिले तर दोन्ही पद्धतींनी हाताचा वापर सुधारतो, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले.

आपल्याकडे अडते ते नेमके या तासांपाशी. तालुक्याच्या गावाहून मूल आठवड्यातून एकदा येते, त्याला जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि तोही बराचसा हात ताणून देण्यात व मालिशीत जातो. दुसऱ्याने हात हलवून दिल्याने मूल तो वापरायला शिकत नाही. हालचाल त्याने स्वतः सुरू करावी लागते, चुकावी लागते आणि पुन्हा करावी लागते. इतका वेळ कोणते मूल नुसता व्यायाम करील? खेळ असेल तर मात्र ते आपणहून करते.

भोवऱ्याचेच पाहा. दोरी गुंडाळताना बाधित हाताला भोवरा नुसता धरायचा असतो, पण दोरीला ताण बसला की पकड घट्ट करावी लागते, आणि मनगट आत दुमडलेले राहिले तर बोटे सैल पडून भोवरा निसटतो. ‘मनगट सरळ ठेव’ हे आम्ही कितीही वेळा सांगून जे होत नाही, ते भोवरा दोनदा निसटला की मूल स्वतः करू पाहते. सुरुवातीला जाड भोवरा आणि खरखरीत दोरी द्यावी, जमू लागले की लहान भोवरा द्यावा. पत्ते उलटे करताना तळहात वर वळवावा लागतो, मटार सोलताना दोन्ही हातांना वेगवेगळे काम असते. मुलाला सहज जमणार नाही, पण प्रयत्नाने जमेल असा खेळ निवडणे, हेच आमचे खरे कौशल्य आहे. लंडनमध्ये तर अशा मुलांना व्यावसायिक जादूगार दोरीचे आणि पत्त्यांचे प्रयोग शिकवतात, कारण तेही दोन्ही हातांशिवाय होत नाहीत.

पालकांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. हे वाचून मुलाचा चांगला हात घरी स्वतःहून बांधू नका. किती वेळ, कोणत्या वयात आणि कोणत्या मुलासाठी, हे तज्ज्ञानेच ठरवावे लागते. मेंदूची मूळ इजा या उपचाराने भरून येत नाही, आणि ज्यांचे दोन्ही हात तीव्र बाधित आहेत त्यांच्यासाठी उद्दिष्टे वेगळी ठेवावी लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार देणाऱ्या केंद्रांची तरतूद आहे. त्या केंद्रांमधून मे महिन्यात आठ-दहा मुलांचे दोन आठवड्यांचे खेळगट चालवता येतील. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांतील विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मदतीला घेता येतील. महागडी उपकरणे लागत नाहीत. गरज आहे ती थेरपिस्टची पदे रिकामी न ठेवण्याची आणि पालकांच्या रोजच्या एसटी भाड्याच्या सोयीची. मुलाला घेऊन येणाऱ्या आईचा दिवसाचा रोजगार बुडतो, हेही हिशेबात धरावे. आरोग्य विभागाने यंदा निदान दोन-तीन जिल्ह्यांत अशी सुरुवात करावी, शिबिराआधी आणि नंतर प्रत्येक मुलाच्या हाताचे मूल्यमापन करावे आणि त्याचे निष्कर्ष जाहीर करावेत.

— एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सांगली