लाल छत्रीवाल्या काकूंना

काकू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी सुटायची घाई, माझे हात कोपरापर्यंत चिखलाने बरबटलेले. ‘थँक्यू हं’ असं काहीतरी पुटपुटून मी सीटवर जाऊन बसले, कॅमेरा पुसत राहिले, आणि मान वर केली तेव्हा तुम्ही उतरून गेला होतात. दोन आठवडे झाले, ते अर्धवट आभार अजून घशाशी अडकलेत.

तुम्हाला माहीत नसेल, पण पावसात रानफुलांचे फोटो काढणाऱ्या बाईला प्रवासात काय काय ऐकावं लागतं! एका सहलीत तर रीतसर पैसे मोजून फोटोग्राफी शिकवायला नेलेले गृहस्थच म्हणाले, “ऊन पडू दे, मग बघू.” आणि गाडीत झोपले. अहो, उन्हात पांढऱ्या पाकळ्या नुसत्या पांढऱ्याफटक येतात, शिरा दिसत नाहीत आणि खालची सावली काळीकुट्ट. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून गाळून येतो. पाकळीची घडीन् घडी दिसते, ओल्या पानांचा हिरवा रंग गडद होतो. एवढा मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पेटी, कुठल्या स्टुडिओत आहे? पण हे त्यांना झोपेतून उठवून कोण सांगणार.

दुसरे एक सहप्रवासी त्यांच्याही पुढचे. मी पालथी पडून फोकस जुळवत होते, तर त्यांनी शेजारचं तसलंच फूल खुडून माझ्यापुढे धरलं. “घ्या, आता गाडीत बसून काढा.” मदत म्हणूनच हं! त्या दिवशी मी कॅमेरा बॅगेत टाकला तो मुक्कामी पोचेपर्यंत बाहेर काढला नाही.

म्हणून त्या दिवशी रस्ता अडला, गाडी थांबली आणि तुम्ही माझ्यामागून खाली उतरलात तेव्हा, खरं सांगते, मनात आलं, झालं, आता ही बाई विचारणार, ‘यात काय आहे एवढं?’

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कडेला नखाएवढं ते पांढरं फूल, मी त्याच्यापुढे आडवी, आणि तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर न धरता फुलावर आणि कॅमेऱ्यावर धरलीत. तेवढ्यानेच मी गार झाले होते. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसमध्ये येते ती जेमतेम काही मिलिमीटरची पट्टी. एक टपोरा थेंब पाकळीवर आपटला की फूल त्या पट्टीतून बाहेर. त्यात ओल्या पानांवरची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावलेला, म्हणजे आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी. शटर सेकंदाच्या चाळिसाव्या भागावर आलं होतं. वारा थांबेल त्या क्षणाची वाट बघायची, बस्स.

फूल काही केल्या गुलाबी येत होतं. मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगांची जुळवणी, बदलून पाहिला, कॅमेऱ्याला दोन शिव्या दिल्या. आणि तुम्ही, ज्यांनी त्या स्क्रीनकडे एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं, फुलाकडे बघत म्हणालात, “माझ्या छत्रीचा रंग पडतोय का गं त्याच्यावर?”

काकू, मी इतकी वर्षं फोटो काढतेय. मला कळलं नव्हतं.

मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही छत्री मिटलीत. तुमच्या पिशवीवर टाकलेला दुधी प्लॅस्टिकचा कागद काढलात, दोन्ही हातांनी फुलावर ताणून धरलात आणि वाऱ्याकडे पाठ करून उकिडव्या बसलात. बसायच्या आधी खाली वाकून, पायाखाली कळ्या नाहीत ना, तेही बघितलंत. कागदातून पांढरा, मऊ उजेड खाली आला. वारा तुमच्या पाठीवर अडला. पांढरं फूल कॅमेरा राखाडी करून टाकतो म्हणून मी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, म्हणजे उजेड दुप्पट घेतला, आणि लागोपाठ नऊ फोटो घेतले. तोवर तुम्ही चिंब, आणि ती उघडी पिशवीही. तिच्यात काय होतं कोण जाणे. मी विचारलंही नाही, याची लाज अजून वाटते.

लेन्स, फिल्टर, ट्रायपॉड यांच्यावर मी किती पैसे घातलेत ते घरी सांगत नाही. पण दुसरा माणूस काय बघतोय तिकडे आपणही नीट बघावं, हा गुण कुठे विकत मिळतो? शिकवणाऱ्यांकडे नव्हता. तुमच्याकडे होता, तोही न शिकवता.

त्या नऊपैकी एक फोटो खरंच सुरेख आलाय. पाकळीच्या टोकाला थेंब लोंबतोय आणि त्यात मागचं अख्खं गवत उलटं दिसतंय. बघणारे त्याचंच कौतुक करतात.

मी मात्र त्याच्या आधीचा ठेवलाय, गुलाबी झालेला. रंग दुरुस्त करणं एका मिनिटाचं काम आहे, केलं नाही. त्यातल्या थेंबाच्या वरच्या कडेला, मोहरीएवढी, तुमची छत्री दिसते.

तुमची,
चिखलातली मुलगी