बाबांच्या ताटाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारपासून गिरगावच्या घरी स्वयंपाकाला एक मावशी येणार आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले आहे आणि त्यांचा पगार मीच देणार आहे. आई, तुझ्या जेवणात काही उणे आहे असे मुळीच नाही. पण बाबांचे मूत्राशय काढल्यापासून रात्रीचे उठणे, पोटावरची लघवीची पिशवी बदलणे, औषधे हे सारे तू एकटी सांभाळतेस, आणि आता त्यांना दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खायला द्यायचे आहे. काय शिजवायचे ते तूच ठरवशील, ओट्याशी उभे राहायला फक्त दुसरे कोणी असेल.

बाबांचे वजन अजून उतरतेच आहे, याची मला फार काळजी वाटते. शस्त्रक्रियेनंतर आतडी मंदावली होती तेव्हा पेज आणि मऊ भात योग्यच होता, परंतु आता जखम आतून भरून यायची आणि झिजलेले स्नायू परत मिळवायचे तर प्रथिने हवीत. मूत्रपिंडाच्या तपासण्या चांगल्या आल्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी ५८ किलो वजनाला रोज ७० ते ८५ ग्रॅम सांगितली आहेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधात तितकीच, १०० ग्रॅम सुरमईत २० च्या आसपास, आणि पेजेत अगदीच थोडी. १ जूनपासून मोठ्या होड्यांची मासेमारी बंद होईल, तेव्हा अंडी आणि पनीर वाढवायचे.

म्हणूनच बाबा, यंदा आषाढी आणि श्रावणी सोमवार धरायचे नाहीत. साबुदाण्यात जवळजवळ सगळे पिष्टच असते. आक्कांच्या आजारपणात तुम्हीच त्यांचे उपास सोडवले होते. तुमच्या वाटचे उपास मी करीन.

पिशवी सारखी भरते म्हणून तुम्ही पाणी कमी पिता, हे आईने मला सांगितले; तिच्यावर रागावू नका. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे, आणि रात्री मोठी पिशवी जोडली की झोपमोड होणार नाही. लघवीत पांढरे तंतू दिसले तर घाबरू नका, लघवी बाहेर यायला ज्या आतड्याच्या तुकड्याची वाट केली आहे, त्याचा तो चिकट स्राव आहे. तो तुकडा लहान आतड्याच्या शेवटाकडचा आहे आणि बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषले जाते. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. दरवर्षी रक्त तपासायचे, आणि ती तारीख मी लक्षात ठेवीन.

आई, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू गोष्ट सांगत एकेक घास भरवत होतीस. बाबांनाही तसेच शेजारी बसून जेवू घाल, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही जेव. मका आणि कच्ची कोशिंबीर डॉक्टर सांगेपर्यंत नको. रविवारी सकाळी वजन करून मला कळवायचे, विसरायचे नाही. येताना मी दादरहून सुरमई आणीन. तिखट कमी कर, कोकम मात्र तुझ्या नेहमीच्या अंदाजानेच घाल.

तुमची,
छोटी