नोटीस इथे, गाठी तिकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेले मासे तरंगले की पंचगंगेची बातमी छापून येते, प्रदूषण मंडळाचे लोक बाटल्यांत पाणी भरून नेतात आणि दोन-चार प्रोसेसना (कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यांना) बंदची नोटीस निघते. पुढे काय होतं, ते आम्हा इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना गोडाऊनच्या दारात दिसतं. ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या ज्या गाठी टेम्पोने गावातल्या प्रोसेसला जायच्या, त्या राजस्थानातल्या बालोतरा-पालीच्या ट्रकमध्ये चढतात. रंग तोच, कॉस्टिक सोडा तोच, नदी तेवढी बदलते. तिकडच्या लुनी आणि बांडी नद्या तर पावसाळ्यापुरत्याच वाहणाऱ्या. एरवी पात्रात दुसरं पाणीच नाही, मग रंगाचं पाणी पातळ व्हायचं कशात?

गाठी पाठवणाऱ्यांत मीही आहे. मीटरमागे काही पैसे सुटतात आणि कापड कुठे रंगवलं, हे घेणारी पार्टी कधी विचारत नाही.

१९७४ चा पाण्याचा कायदा देशभर एकच, पण राबवतं ज्या-त्या राज्याचं मंडळ. तमिळनाडूत तिरुपूरच्या डाइंगने, म्हणजे रंगाईच्या कारखान्यांनी, नोय्यल नदी नासली, ओरथुपालयम धरणाचं पाणी शेतकऱ्यांना नकोसं झालं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाइंग युनिट बंद करायला लावली. सांडपाण्याचा थेंब बाहेर सोडायचा नाही, ही अट. निकाल योग्यच होता. पण कापडाच्या ऑर्डरी थोड्याच थांबतात? ज्यांनी कर्ज काढून पाणी आटवायची यंत्रं बसवली, त्यांना भाव मात्र अशांशी जुळवावा लागतो, ज्यांच्यावर ही अटच नाही. केंद्राने २०१५ मध्ये मोठ्या कापड युनिटांना हीच अट देशभर लावायचा मसुदा काढला होता. २०१६ च्या अंतिम नियमांत सरसकट सक्ती राहिली नाही.

ती सक्ती परत येईल तेव्हा येवो. तोवर एक काम बिनखर्चाचं आहे. परराज्यात जॉबवर (मजुरी देऊन रंगवून घ्यायला) माल पाठवायचा तर किंमत कितीही असो, ई-वे बिल, म्हणजे माल कुठून कुठे चालला याची जीएसटीची ऑनलाइन नोंद, काढावंच लागतं. नोटिशीनंतरच्या महिनाभरात इथली रंगाई कोणत्या गावी गेली, हे त्यावरून सरकारला बसल्या जागी कळेल, आणि तिथल्या राज्याच्या मंडळाला कळवताही येईल. जीएसटीवाले ही बिलं रस्त्यात ट्रक थांबवून तपासतात. प्रदूषण मंडळाने ती मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी