शॅकल भंगारात देण्याआधी मोजू द्या

मा. संपादक,

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. शेडमागच्या बाभळीखाली आजोबांची फार्गो लॉरी कित्येक वर्षं उभी होती. सोलापुरी चादरींच्या गाठी भरून ती मुंबईला जायची. गेल्या दिवाळीपासून ती चालती करायला घेतली आहे. इंजिन मोकळं झालं, ब्रेक झाले. अडलंय ते मागच्या पाट्यांपाशी, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार पोलादी स्प्रिंगांपाशी.

पाट्याचं एक टोक ब्रॅकेटमध्ये पिनेनं पक्कं असतं, दुसरं शॅकलवर, म्हणजे दोन भोकांच्या हलत्या कडीवर, झुलतं. माल भरला की कमान सपाट होते, पाटा लांबतो, त्याला सरकायला जागा लागते. आमच्या लॉरीचे मागचे दोन्ही शॅकल कधीकाळी कुणीतरी काढून टाकले आणि तिथे जाड पट्ट्या वेल्डिंग करून ठोकल्या. पाट्याला हलायला वावच उरला नाही. मेन पाट्याचं गोल भोक झिजून अंडाकार झालंय; आत बोट फिरवलं तर खालच्या बाजूला धार लागते.

पिना आणि भोकात बसणारे गनमेटलचे बुश मी स्वतः लेथवर काढीन. पाट्यांना भट्टीत कमान देऊन पाणी चढवणारे कारागीरही गावात आहेत. पण शॅकलच्या दोन भोकांमधलं अंतर अंदाजानं धरता येत नाही. तिथे चुकलं की गाडीची उंची बदलते आणि पाटा भलत्याच कोनात बसतो. पुढचे शॅकल शाबूत आहेत, पण त्यांचं माप वेगळं. 'टाटाचा टाका' असं सगळे सांगतात. टाटाची लॉरी १९५४ पासून जर्मन मापात, मिलिमीटरवर बनली; ही अमेरिकन घराण्याची, इंचातली.

बनली मात्र कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. ती कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले, म्हणून मला ही लॉरी निम्मी गावचीच वाटते. फार मेहनतीनं एक जुनं पार्ट बुक मिळालं. त्यातलं पाट्यांचं पान वाळवीनं खाल्लंय, नंबराचे शेवटचे तीन आकडे तेवढे उरलेत.

बार्शी, मंगळवेढा, मोहोळकडच्या शेतकरी बांधवांना विनंती आहे. जुन्या ट्रकचा ॲक्सल पाट्यांसकट ट्रॉलीला लावायची आपल्याकडे रीत आहे. फार्गो आणि डॉज दोन्ही क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्याच घरच्या, त्यामुळे तुमच्या ट्रॉलीखाली जुन्या डॉजचा शॅकल असला तरी माझं काम होईल. मला तो विकत नको. तासभर व्हर्नियर लावू द्या, पुठ्ठ्यावर छाप घेऊ द्या. आणि घरात जुन्या मिस्त्रींची वही किंवा पार्ट बुक असेल, तर ते रद्दीत घालू नका. या वृत्तपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवलात तर मी त्याच दिवशी निघेन.

— एक टर्नर, सोलापूर